छत्तीस गुणांचा हात

वेंगुर्ल्याच्या मासळीबाजारात त्या मंगळवारी जे घडलं, ते एवढ्या तोंडांनी एवढ्या तऱ्हांनी सांगितलं आहे, की त्यातलं खरं वेगळं काढायचं म्हणजे सोलकढीतून नारळाचं दूध परत काढण्यासारखं आहे. कुणी सांगतं, यंत्रातून धूर निघाला. कुणी सांगतं, यंत्राने बाईला नमस्कार केला. धूर निघाला नव्हता, हे पक्कं. नमस्काराची गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती ऐकायची तर आधी द्वारका गिरपच्या उजव्या हाताची गोष्ट ऐकायला हवी.

द्वारका चोपन्न वर्षांची, अंगाने काटक आणि जिभेने त्याहून काटक. बाजाराच्या दारातून शिरलं की डावीकडची तिसरी जागा तिची. तीस वर्षं ती त्याच जागी बसून बांगडे आणि पेडवे विकत आली होती. नवऱ्याला समुद्राने नेलं त्याला सतरा वर्षं झाली होती, आणि मुलगी लग्न होऊन वास्कोला होती. फाल्गुनात आरवलीच्या बाजूला सुरंगी फुलली, की द्वारका सकाळचा बाजार आटोपून थेट तिकडे जायची. माणसांनी पहाटे झाडावर चढून, हुमल्यांचे, म्हणजे तांबड्या मुंग्यांचे, चावे खात काढलेल्या कळ्या टोपलीभर घेऊन यायची. परसात तांब्याचा हंडा चढायचा. त्यात कळ्या, मूठभर जायपत्री, थोडी मिरी आणि धुपाच्या झाडाचा डिंक. तोंड मातीने लिंपून मंद आचेवर त्याची वाफ चंदनतेलात उतरवायची. ही विद्या सासूची. सासू म्हणायची, "मासळीचो वास धुवन जाणा नाय गो. तेच्या शेजारी दुसरो कोण तरी बसवूचो लागता."

आठ वर्षांपूर्वी पुण्याची एक चष्मेवाली मुलगी त्या परसात येऊन आठ दिवस बसली होती. तिने भट्टीचं चित्र काढलं, बाटल्या घेतल्या, आणि रोज दुपारी, बाजारातून आल्या आल्या, द्वारकेच्या मनगटावर ओला कापूस फिरवून तो काचेच्या नळीत बंद केला. "आदी हात तरी धुवंदे गो, तुज्या कापसाक बांगड्याचो वास येतलो," असं द्वारकेने तिला सांगितलंही होतं. मुलगी हसली होती. जाताना तिने द्वारकेला एक छत्री दिली. ती छत्री पहिल्याच वाऱ्यात उलटी झाली, आणि मुलगीही विसरली गेली.

त्या अत्तराला एक खोडी होती. बाटलीत असेपर्यंत ते शहाण्यासारखं एकाच वासाचं असायचं. अंगावर गेलं की ज्याचं त्याचं. शेजारच्या जागेवर बसणाऱ्या रोजी फर्नांडिसच्या मनगटावर त्याचा नाताळचा केक व्हायचा, लवंग-दालचिनीसकट. शाळेतल्या तळवणेकर बाईंच्या हातावर ते खोकल्याच्या औषधासारखं चढायचं. एका तहसीलदारांनी लावलं, तर अर्ध्या तासात त्यांना कोऱ्या फायलींचा वास येऊ लागला आणि ते भलतेच खूश झाले. एक भटजी तर शपथेवर सांगायचे, की आपल्या अंगावर ते सुकटीसारखं येतं. पण त्यात अत्तराचा दोष नसावा, असं रोजीचं मत होतं.

आणि द्वारकेच्या स्वतःच्या हातावर? ते तिला ठाऊक नव्हतं. तीस वर्षं एका वासात बसलेल्या माणसाला स्वतःचा वास येत नाही. तो दुसऱ्याने सांगावा लागतो.

ही गोष्ट ज्या काळातली, तेव्हा लग्न ठरवताना गंधपत्रिका मागायची रीत पडून चार वर्षं झाली होती. तिच्यामागचं शास्त्र मुळात अगदी सरळ होतं. अत्तराच्या एका थेंबात शेकडो तऱ्हांचे रेणू असतात. फुलाचे हलके, ते पाखरासारखे भुर्रकन उडतात. मसाल्याचे मधल्या वजनाचे. डिंकाचे सगळ्यांत जड, आणि ते पाहुण्यांसारखे तासन्‌तास हलत नाहीत. माणसाची कातडी ही एक गजबजलेली वस्ती असते. कोट्यवधी सूक्ष्मजीव तिथे ज्याच्या त्याच्या घामावर आणि तेलकटपणावर पोसलेले असतात. थेंब पडला की ही वस्ती त्याच्यावर तुटून पडते. एका हातावरचे जीव फुलाचा भाग आधी फस्त करतात आणि मागे मिरी उरते. दुसऱ्या हातावरचे डिंकाचे रेणू फोडतात आणि मागे मध उरतो. त्यामुळे दोन माणसांवर एकच अत्तर कधीच एक राहत नाही.

हे मोजायचं यंत्र पुण्याच्या डॉ. पूर्वा देवस्थळींनी बनवलं. मनगटावर सुरंगीच्या ठरलेल्या अत्तराचा एक थेंब, चाळीस मिनिटं, आणि वासाची चढउतार टिपणारे तीनशे संवेदक. प्रत्येकाला त्याच्या त्वचेवर काय उमलतं ते शब्दांत सांगावं, एवढीच डॉक्टरांची इच्छा होती. पण यंत्र गंधमेळ नावाच्या कंपनीच्या हाती गेलं, आणि कंपनीच्या लक्षात आलं की माणसं शब्द विसरतात, आकडा विसरत नाहीत. प्रयोगशाळेत एक प्रमाणत्वचा होती. तिच्याशी तुमची त्वचा किती जुळते, त्यावर छत्तीसपैकी गुण द्यायला सुरुवात झाली. छत्तीसच का, तर लोकांना सवय होती म्हणून. तीसच्या वर उत्तम, वीसच्या वर मध्यम, त्याखाली कनिष्ठ. बघता बघता हॉटेलांत नोकरीला गुण लागू लागले आणि जमलेली लग्नं नऊ गुणांवर मोडू लागली. देशातला उच्चांक चौतीस होता, तोही कुणा सौंदर्यसम्राज्ञीचा. ती प्रमाणत्वचा मुळात कुणाची, हे मात्र कुणीच विचारलं नाही. असेल एखाद्या राजकन्येची, असं सगळ्यांनी आपलं धरून ठेवलं.

आता मुकुंदराव परुळेकर. बत्तीस वर्षं दीपगृहांवर काढून हे गृहस्थ निवृत्त झाले तेव्हा सरकारने त्यांचा दिवा काढून घेतला, नाक मात्र त्यांच्याकडेच राहिलं. गॅलरीत उभे राहून ते खालच्या होडीत सुरमई आहे की मोरी, हे सांगायचे. धुक्याच्या दिवशी नाखवे भोंग्यापेक्षा त्यांच्या नाकावर जास्त भरवसा ठेवायचे असंही म्हणतात, आणि कोकणात जे म्हणतात त्यातलं निम्मं तरी खरं असतं. वय एकसष्ट, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरी फक्त थोरली बहीण. असं असून हा माणूस दोन वर्षं रोज सकाळी तिसऱ्या जागेवरून चार बांगडे नेत होता. त्या घरच्या मांजरीचं पोट उंबरठ्याला घासायला लागलं, तेव्हा बाजाराला काय ते कळलं. द्वारकेला आधीच कळलं होतं, पण ती बोलायला थोडीच जाणार.

शेवटी एका सकाळी पिशवी पुढे धरून ते म्हणाले, "द्वारकाबाय, तुमच्या हाताक सुरंगी आसा, पण ती झाडावरची सुरंगी नाय. दीपगृहाचो दिवो पेटवल्यार पितळ तापता आनी खालसून खारो वारो येता, तसो वास. बत्तीस वर्सां मी तेच्यासोबत काढलंय. आता तेच्याबगर करमणा नाय."

"गो द्वारके," शेजारून रोजी म्हणाली, "हे मागणी घालतत काय दिवो दुरुस्त करूक बोलयतत?"

द्वारकेने मान वर केली नाही. पिशवीत मोजून पाच बांगडे टाकले. तो होकार होता.

अडचण एकच, माई. मुकुंदरावांची आई लवकर गेली, तेव्हा ह्या बहिणीने त्यांना वाढवलं होतं. तिच्या होकाराशिवाय ते लग्न करणार नव्हते, आणि द्वारकाही त्या घरात मागच्या दाराने शिरणाऱ्यांतली नव्हती. माईंना दोन्ही वेळा मासे लागत. कालवणात तिरफळ कमी पडलं तर त्या आठवडाभर बोलत नसत. पण मासे विकणारीचा हात आपल्या चुलीला लागणार म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली. उघड नाही म्हणण्याइतक्या मात्र त्या कच्च्या नव्हत्या.

"मी कोण नाय म्हणणारी?" त्या म्हणाल्या. "यंत्र सांगात तसा. तीस गुण येवंदेत, मी माज्या हातान तिका सुरंगीचो वळेसर माळीन. नाय इले, तर बांगडे आणूक खुशाल जा. पण दोनच आण."

वळेसर म्हणजे त्या बाजूचा गजरा. माईंनी स्वतःच्या हाताने माळलेला वळेसर म्हणजे साखरपुडाच. द्वारकेच्या कानावर हे गेलं, तेव्हा ती सौंदाळे साफ करत होती. सुरी न थांबवता तिने निरोप दिला, की सांगा, येतंय म्हणान.

आणि मग तिने ती चूक केली. मासळीवाल्या बायका बँकेत जाताना, मुलीच्या शाळेत जाताना, डॉक्टरकडे जाताना जी करतात तीच. ती धुवायला बसली.

चार दिवस तिचा बाजार बंद. अख्खी मासळीवाल्यांची आळी मदतीला. कुणी लिंबं आणली, कुणी डाळीचं पीठ. एकीचा भाचा हॉटेलात होता, त्याच्याकडून जंतुनाशकाची बाटली आली. रोजीने गोव्याहून आणलेला साबण दिला, जो तिने स्वतःच्या लग्नानंतर उघडलाच नव्हता. द्वारकेने हात घासले, पुन्हा घासले, कोपरापर्यंत सोलून काढल्यासारखे केले. पाचव्या दिवशी तिच्या मनगटाला कसलाच वास नव्हता. आळी खूश झाली. गंधमेळची गाडी मंगळवारी बाजाराबाहेर उभी राहायची. तिच्यात द्वारका इस्त्रीचं लुगडं नेसून शिरली आणि चाळीस मिनिटं ताठ बसली.

अकरा गुण आले. छत्तीसपैकी अकरा. खाली शेरा होता: त्वचा निर्जीव, गंध उमलत नाही.

गाडीतून उतरताना तिने चेहरा असा ठेवला, की जणू दुसऱ्या कुणाचा निकाल घेऊन चालली आहे. मुकुंदराव चिंचेखाली उभे होते. तिने चिठ्ठी त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, की उद्यापासून दोनच बांगडे. मुकुंदरावांनी चिठ्ठी वाचलीच नाही. ते नाक वर करून, धुक्यात होडी शोधावी तसे तिच्या हाताकडे वाकले.

"ह्यो हात कोणाचो?" त्यांनी विचारलं.

"माजो. आनी कोणाचो?"

"नाय. दिवो विझलो हा ह्यात. तू काय लावलंस हाताक?"

तिने सगळं सांगितलं. लिंबापासून रोजीच्या साबणापर्यंत. मुकुंदराव ऐकता ऐकता हसायला लागले, आणि द्वारकेला आधी राग आला. तिला वाटलं, हा माणूस आता म्हणणार की गुण गेले खड्ड्यात, माझं नाक पुरेसं आहे. ते तिला नको होतं. तीस वर्षं तिने दया म्हणून बांगडे घेणारी गिऱ्हाइकं बघितली होती. दया करून घेतलेला मासा कुणी चवीने खात नाही. तिला होकार हवा होता तो माईंचा, चारचौघांत.

पण मुकुंदराव भलतंच बोलले. यंत्र खोटं बोलत नाही, म्हणाले. मेलेला हात दाखवलास, त्याने मेलेला म्हणून सांगितलं. माझं नाक आणि त्याचं नाक आज एकाच मताचं आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा चाचणी देता येते. तोवर रोज बाजारात बस, साबणाला शिवू नको, आणि त्या मंगळवारी टोपलीवरून उठून थेट गाडीत जा.

"घमघमाट सुटतलो," द्वारका म्हणाली.

"सुटांदे. उत्तर दोन नाकां मिळान देऊया."

पंधरा दिवस ती नेमाने बसली. कातडीवरची वस्ती म्हणजे जत्रेच्या मैदानासारखी. उठली तरी पंधरवड्यात पुन्हा बसते, पण दुकानं तीच हवीत. बांगड्याची बुळबुळ, ती काढायचं आमसुलाचं पाणी, खोबरेल. जुनी बिऱ्हाडं एकेक करून परत आली. कधी नव्हे ते द्वारकाही संध्याकाळी मनगट नाकाशी धरून बघायची. आठव्या दिवशी तिला काहीतरी ऊबदार लागलं. दहाव्या दिवशी परत लागेनासं झालं, आणि ती समाधानाने हसली. म्हणजे वास घरी आला होता.

त्या मंगळवारी अर्ध्या हातावर खवले तसेच ठेवून ती उठली. मागे रोजी, तिच्यामागे अर्धा बाजार. गाडीवरच्या मॅडमनी पदर नाकाला लावला आणि हात धुवायला सांगितलं. द्वारकेने भिंतीवरच्या नियमांवर बोट ठेवलं: फक्त साध्या पाण्याने. साध्या पाण्याने धुतला. थेंब पडला. चाळीस मिनिटं बाहेर लोकांनी शेंगदाणे खाल्ले.

मग यंत्र किणकिणलं. ते असं कधी किणकिणत नसे. पडद्यावरचा आकडा चढत गेला. वीस, अठ्ठावीस, चौतीस. चौतीसवर थांबेल असं वाटलं, तर तो छत्तीसवर गेला, आणि आकडा पुसला जाऊन पडद्यावर दोन हात जोडलेले दिसले. खाली अक्षरं आली: नमस्कार. प्रमाणत्वचा क्रमांक एक.

मॅडमनी यंत्र बंद करून चालू केलं. यंत्राने पुन्हा नमस्कार केला.

पाच मिनिटांत पुण्याहून डॉ. देवस्थळी पडद्यावर आल्या. चष्मा तोच होता, केस थोडे पांढरे. त्यांनी द्वारकेकडे पाहिलं, मग तिच्या मनगटाकडे, आणि खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या.

"द्वारकामावशी! छत्री टिकली का हो?"

"खयची टिकता," द्वारका म्हणाली. "उलटी झाली."

मग डॉक्टरांनी सगळ्या बाजारासमोर सांगितलं. मोजायला एक न बदलणारी त्वचा हवी होती. शहरातली माणसं महिन्याला साबण बदलतात, त्यांची त्वचाही महिन्याला बदलते. देशभर चारशे हात तपासले. आठही दिवस अगदी एकसारखा वास देणारा एकच हात सापडला, रोज त्याच मासळीत, त्याच आमसुलात बुडणारा. त्यावरच्या जिवांची वस्ती प्रयोगशाळेत वाढवली, आणि तीच यंत्राची मोजपट्टी झाली. "प्रमाण म्हणजे उत्तम नव्हे हो," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा खाली गेला. "प्रमाण म्हणजे फक्त न हलणारं. उत्तम हा शब्द नंतर विकणाऱ्यांनी चिकटवला."

हे शेवटचं वाक्य कुणी ऐकलं नाही, कारण तोवर रोजीने द्वारकेचा हात वर धरून बाजारातून मिरवणूक काढली होती.

पुढचे आठ दिवस देशाला वेड लागलं. छत्तीस गुण मासळीवालीचे, ही बातमी फुटली आणि पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत बायका चाचणीच्या आधी तासभर बांगडा हातात धरून बसू लागल्या. जन्मात मासा न बघितलेल्या घरातल्या एका वराने सूटच्या खिशात पेडवे ठेवले. सौंदर्यसम्राज्ञीने मोरी माशाबरोबर फोटो काढला. माई परुळेकर तर शेजारीपाजारी सांगत सुटल्या, की आमच्या मुकुंदाची पसंती, छत्तिसातले छत्तीस, आम्हाला आधीच ठाऊक होतं. साखरपुडा आपल्याच ओटीवर करायचा त्यांनी ठरवून टाकला, आणि गंधमेळ कंपनीने कळवलं, की त्याच दिवशी आम्ही शाल-श्रीफळ घेऊन येतो. सोबत एक छोटासा कागद असेल. मावशींनी सही केली की झालं.

द्वारकेने हे सगळं मजेत घेतलं असतं. पण सहाव्या दिवशी कुडाळहून एक बाई मुलीला घेऊन तिसऱ्या जागेशी आली. मुलीचे हात लाल, सोललेले, फोडांनी भरलेले. नऊ गुणांवर लग्न मोडलं म्हणून आईने तिला दहा दिवस मासळीच्या पाण्यात हात बुडवून बसवलं होतं. एकदा तुमचा हात तिच्या हातावर फिरवा, एवढंच मागणं होतं.

द्वारकेने कमरेची अत्तराची कुपी काढली. सोललं नव्हतं अशा जागी, कोपराच्या आत, मुलीला एक थेंब लावला आणि समोर बसवून ठेवलं. अर्ध्या तासाने तिने, रोजीने आणि चार बांगडे न्यायला आलेल्या मुकुंदरावांनी आळीपाळीने वास घेतला. मुकुंदराव पुन्हा एकदा वाकले.

"पेटत्या होळयेत कोणी आंब्याचो मोहोर टाकल्यासारो," शेवटी ते म्हणाले. "असो वास मी जन्मात घेवक नाय."

मुलगी रडायला लागली. द्वारका आपल्या हाताकडे बघत बसली. ह्याच हाताने मोजून ती नऊ ठरली होती. किती पोरी मोडल्या असतील ह्या हाताने, तिला न विचारता?

साखरपुड्याला माईंची ओटी माणसांनी भरली होती. एका खुर्चीवर कंपनीचे संचालक कर्णिक, एकीवर डॉ. देवस्थळी. माईंच्या हातात ताजा, पिवळट, घमघमणारा वळेसर. कर्णिकांनी भाषण केलं आणि कागद पुढे सरकवला. आठ वर्षांपूर्वी त्वचा घेताना सही घ्यायची राहिली होती, एवढाच तांत्रिक मुद्दा, म्हणाले. ही सही झाली की द्वारकाबाईंचा हात कायमचा देशाचं प्रमाण.

"आनी नाय केली तर?" द्वारकेने विचारलं.

कर्णिक हसले. उत्तर डॉ. देवस्थळींनी दिलं. नवा कायदा सांगतो की शरीराचा नमुना ज्याचा, मालकी त्याची. त्याने परत मागितला की तो काढून टाकावा लागतो. प्रमाण गेलं की गुण मोजता येत नाहीत. कुणाचेच. यंत्र पुन्हा फक्त शब्दांत सांगेल, सुरुवातीला सांगायचं तसं. आणि काढून टाकायची किल्ली अजून माझ्याकडे आहे. हे बोलताना त्यांनी पिशवीतून आपला छोटा संगणक काढून मांडीवर ठेवलासुद्धा.

द्वारका माईंकडे वळली. माईंची अट तीस गुणांची होती. छत्तीस आता, ह्या क्षणी, तिच्या हातात होते. सही केली तर वळेसर डोक्यात. नाही केली तर तिच्याकडे एकही गुण उरणार नव्हता, आणि माईंवर कसलंच बंधन नव्हतं. तिने मुकुंदरावांकडे पाहिलं. त्यांनी नाक वर करून तिच्या दिशेचा वारा घेतला आणि डोळे मिटले.

"पूर्वा," ती डॉक्टरांना म्हणाली, "माजो हात माका परत दे."

किल्ली दाबायला डॉक्टरांनी इतका कमी वेळ घेतला, की कर्णिकांचं "अहो, पण" त्यांच्या तोंडातच राहिलं. ओटीवरचे सगळे फोन एकदम वाजले. सगळ्यांच्या फोनवरच्या गंधपत्रिका बदलल्या होत्या. गुणांच्या रकान्यात पांढरी जागा होती. द्वारकेच्याही.

माई वळेसर हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो खाली ठेवला आणि त्या आत निघून गेल्या. आतून डबे सरकल्याचा आवाज आला. द्वारकेने पदर सारखा केला. उठायची वेळ आली असं तिला वाटलं.

माई बाहेर आल्या त्या तांदळाचे दाणे चिकटलेली कागदाची एक घडी घेऊन. ती चिठ्ठी दीड वर्षापूर्वीची होती. माईंनी गुपचूप सावंतवाडीला जाऊन दिलेल्या चाचणीची, आणि तिच्यावर चौदा हा आकडा होता. त्यांनी ती कुणाला न दाखवता तांदळात पुरली होती. आता त्यांनी फोन भावापुढे धरला.

"मुकुंदा, माका चष्म्याबगर दिसणा नाय. आता काय लिवलां हा माज्या नावार?"

मुकुंदरावांनी वाचलं, "जायपत्री. दुपारची तापलेली वाळू. ओल्या नारळाची करवंटी."

"आनी आकडो?"

"आकडो नाय."

माईंनी हातातली चिठ्ठी बारीक बारीक फाडली. मग मनगट भावाच्या नाकाशी नेलं. "खरा काय रे ह्यां?"

"लहानपणापासून खरा," मुकुंदराव म्हणाले. "तू कधी इचारलंसच नाय."

माईंनी चिठ्ठीचे तुकडे ओटीखाली झटकले. मग वळेसर उचलून द्वारकेपुढे येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा, तिरफळ कमी पडल्यासारखा कडक झाला.

"तीस गुण आता खय सोदू मी? पाठ कर हडे."

द्वारकेने पाठ केली. माईंनी वळेसर माळला, दोनदा ओढून घट्ट केला. डॉक्टर टाळ्या वाजवत होत्या, रोजी शिट्ट्या, आणि कर्णिक नारळ परत पिशवीत घालावा की नाही ह्या विचारात होते. रोजीने तो त्यांच्या हातातून काढून ओटीच्या पायरीवर फोडला आणि प्रश्न मिटवला.

"एक आयक मात्र," गाठ मारता मारता माई द्वारकेच्या कानाशी म्हणाल्या. "लग्नाच्या दिवशी तरी हात धुवन ये."

"पाण्यान धुतंय," द्वारका म्हणाली. "साबण लावूचंय नाय."